मिस मेव्हिसचं नाव

"चिकन गार झालं, आणि याचं भाषण काही संपत नाही," मी इझोलामावशीच्या कानात कुजबुजले.

"गप बस. मंडळाला साठ वर्षं झालीत. बोलू दे त्याला," असं म्हणून मावशीनं आपली जांभळी टोपी सारखी केली.

साठ वर्षं म्हणे! चर्चच्या तळघरातला हॉल अर्धा रिकामा होता. मंडळाची निम्मी माणसं अटलांटाला गेली, निम्मी कबरस्तानात. मी आठवडाभर शाळेची बस हाकते आणि रविवारी मावशीला फिरवते. अंग आंबून गेलं होतं माझं. पण मावशीला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती आहे?

टेरॉन ब्लेलॉक, आमचे नवे अध्यक्ष, एकदाचे थांबले. आता हजेरी. आमचं नाव मतदारयादीत घाला म्हणत कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्या आमच्या काळ्या बायकांना गोऱ्या शेरिफनं उचलून दोन आठवडे कोंडलं होतं. मंडळ त्यातूनच उभं राहिलं. दर वर्धापनदिनाला त्या अकरा जणींची नावं पुकारतात. जिवंत असेल ती 'हजर' म्हणून उभी राहते, मेली असेल तर तिच्या घरचं कुणीतरी. यंदा जिवंत एकटी मावशीच उरली होती.

खरं तर त्या बारा होत्या. बारावी मिस मेव्हिस टटवायलर; आमच्याकडे थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस'च म्हणतात. पुन्हा कोर्टाची पायरी चढणार नाही असं लिहून देऊन ती दुसऱ्याच दिवशी सुटली. तिचं नाव कधी घ्यायचं नाही, असं मावशीनं तेव्हाच बजावलं. मावशीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरी मिस मेव्हिस दरवर्षी मागच्या दारानं यायची आणि भांडी घासायची. तिला कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलंही नाही. एकाच गल्लीत राहून दोघींनी एकमेकींना साधं 'बरी आहेस का' विचारलं नाही.

आणि आज सकाळी गाडीत मावशी एकदम म्हणाली, "लोरेटा, तिचं पोर तेव्हा केवढं होतं गं?"

"कुणाचं?"

"मेव्हिसचं. अंगावर पीत होतं. त्या रात्री कोठडीत तिचा ब्लाऊज दुधानं भिजून गेला होता. भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला दिसत होतं की सगळं."

"अगं मग?"

"मग काय! दिसत होतं, तरी तिचं नाव घ्यायचं नाही, हे मीच बोलले."

मला असा राग आला! म्हातारीला आज हे सुचतंय!

हॉलमध्ये नावं पुकारली जात होती. कुणाची नात उठली, कुणाचा जावई. दोन नावांना कुणीच उठलं नाही. शेवटी मावशीचं नाव आलं. माझ्या खांद्यावर भार टाकून ती उभी राहिली, "हजर" म्हणाली, आणि खाली बसेचना.

"बसा, मिस इझोला. झाली हजेरी."

"अजून एक राहिलंय."

"नाही हो, अकराच आहेत."

"तू होतास का रे तिथे? मेव्हिस टटवायलर!"

स्वयंपाकघरातला नळ तेवढा वाहत होता. कुणीतरी आत जाऊन सांगितलं, तशी मिस मेव्हिस दारात आली. एप्रन बांधलेला, हात कोपरापर्यंत साबणाचे.

"काय झालं? ताटं कमी पडली का?"

"तुझं नाव पुकारलंय," मावशी म्हणाली. "हजर म्हण."

मिस मेव्हिसनं एप्रनला हात पुसले. मला वाटलं, आता रडेल. कुठलं काय!

"आता कुणाला ऐकवू, इझोला? त्या दहाही जणी गेल्या. माझा लेकही गेला मागच्या थंडीत. दरवर्षी विचारायचा, आई, तुझं नाव का घेत नाहीत गं?"

"मेव्हिस..."

"राहू दे. भांडी पडलीत."

ती आत गेली. नळ पुन्हा सुरू झाला. अध्यक्ष खाकरले आणि म्हणाले, "तर मंडळी, आता केक कापू या." सगळ्यांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

मावशी अजून उभीच होती.

"मला आत ने," ती म्हणाली.

"मावशी, केक तुला कापायचाय."

"आत ने म्हटलं ना!"

मी नेलं. मावशीनं खुंटीवरचं फडकं घेतलं आणि ओलं ताट पुसायला लागली. मिस मेव्हिसनं वळून पाहिलं नाही. फक्त सिंकपाशी थोडी बाजूला सरकली.