विंचवाची शिट्टी

गौसियानं कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम नवऱ्याकडून काढून घेतलं. दोनदा डाळीचा कोळसा झाल्यावर.

*

मार्चात कयाधू नदीची वाळू सकाळी आठपर्यंत गार असते. नऊला कोमट. अकराला अनवाणी माणूस तिच्यावर उभा राहू शकत नाही.

*

दीड इंची पाइप, एकशे चाळीस फूट. पाण्याच्या टाकीच्या स्टँडसाठी आणलेला. टाकी आलीच नाही.

*

नांदेडच्या एका दवाखान्यातला कागद. त्यावर एक रेघ. डावीकडून बरीचशी सपाट येते आणि मग कुणी कड्यावरून ढकलल्यासारखी खाली जाते.

*

"टर्बो म्हंजे काय असतंय रे?"

"पंखा. इंजिनाच्या धुरावर फिरतो आन् इंजिनात हवा कोंबतो."

"मग माझ्या घरी लाव की. उकडून राहिलं," ट्रॅक्टरवाला रूपसिंग म्हणाला.

*

उस्तादाला त्याच्या इंजिनातली खोट सांगायची नसते. हे कुठं लिहिलेलं नाही, पण कळमनुरीच्या गॅरेजांमधून वाढलेल्या कुणालाही विचारा.

*

आता हे सगळं एका जागी आणायचं तर नांदेड रोडला यावं लागतं. गाव संपता संपता जहांगीरचं गॅरेज लागतं, आणि मध्ये एक पत्र्याची भिंत सोडून धम्मानंदचं वेल्डिंगचं दुकान. जहांगीर डिझेल मेकॅनिक, वय पंचावन्न. धम्मानंद त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. सव्वीस वर्षांची शेजारदारी. रोज सकाळी शटर वर जायचं, भिंतीच्या इकडून "सलाम" जायचा, तिकडून "जय भीम, भाई" यायचा, आणि मग दिवसभर दोन्हीकडून आवाजच आवाज.

त्या एकशे चाळीस फूट पाइपाची दोघांनी मिळून गाडी केली. सांगाडा धम्मानंदचा. इंजिन जहांगीरचं, एका भंगारातल्या व्हॅनमधून काढलेलं, आठशे सीसीचं, आणि ते बसवलं मागं. टर्बो दुसऱ्याच कुठल्या डिझेल गाडीचा. दार नाही, छप्पर नाही, काच नाही. मागची चाकं रुंद, पुढची बारीक, शेपटीवर सगळा भार. पोरांनी नाव ठेवलं विंचू.

असली गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी कोण देणार? म्हणून उन्हाळ्यात दर रविवारी रूपसिंग आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फळ्या लावून विंचू चढवायचा आणि नदीपर्यंत नेऊन द्यायचा. भाडं घ्यायचा नाही, पण तोंडाला कुलूपही लावायचा नाही.

"दोघं म्हातारे झाले, आन् पाळण्यात बसून राहिले," तो म्हणायचा. "ह्याला पाजलेल्या पेट्रोलात दोन म्हशी झाल्या असत्या."

"म्हैस साठच्या स्पीडनं पळती का?" धम्मानंद विचारायचा.

"माझी पळती. चारा दिसला का."

मग ट्रॅक्टर जायचा आणि नदी दोघांची व्हायची. वाळूवाल्यांनी उपसून जी थोडी वाळू मागं सोडली होती, तिच्यात उंचवटे होते, खड्डे होते, एक लांब सपाट पट्टी होती. जहांगीर स्टिअरिंगवर, धम्मानंद शेजारी. पट्टीवर तिसऱ्या गिअरला पाय दाबला की आधी काहीच व्हायचं नाही. मग पाठीमागून एक बारीक शिट्टी निघायची, वर वर चढत जायची, आणि तिच्या शेंड्याला पोचता पोचता कुणीतरी पाठीत गुडघा घातल्यासारखी गाडी पुढं सुटायची. त्या क्षणाला धम्मानंदच्या भुवया वर जायच्या आणि वरचा एक दात नसलेली जागा दिसायची.

परत आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, हा जहांगीरचा दंडक. टर्बो तापून लाल झालेला असतो. तेल फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर आतल्या आत जळून त्याची काजळी धरते. म्हणून धम्मानंदची एक विडी संपेपर्यंत विंचू जागेवर पुटपुटत राहायचा आणि दोघं त्याच्याजवळ बसायचे. गॅरेजात आल्यावर हवेच्या फिल्टरातली वाळू झटकायची. चाकांचे नट आवळायचे. तेलाची पट्टी बघायची. टर्बोची नळी काढून पंख्याचा दांडा बोटानं हलवून तो झिजून सैल झाला नाही ना ते पाहावं, असंही खरं तर असतं. जहांगीर ते करत नसे. त्याची त्याला गरज नव्हती.

कारण त्याला कान होता.

सेनगावहून जीपा यायच्या त्या ह्याच कानासाठी. बोनेट न उघडता तो मडगार्डाला हात टेकून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तीन नंबरचा नोझल." तीन नंबरचाच असायचा. एकदाच, वीस वर्षांपूर्वी, धम्मानंदनं गिऱ्हाइकासमोर म्हटलं होतं, "भाई, ह्या टेम्पोचा बेल्ट ओरडून राहिलाय." जहांगीर त्याच्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी बेल्ट तुटला. जहांगीर आणखी आठ दिवस बोलला नाही. तेव्हापासून धम्मानंदनं मनाशी खूणगाठ बांधली होती.

*

मागच्या मे महिन्यात एका रविवारी शिट्टी वाजली नाही.

गाडी सुटली, पाठीत गुडघा बसला, पण शिट्टी नाही. जहांगीर सोमवारी धम्मानंदला न सांगता शटर अर्धं ओढून बसला आणि टर्बो उतरवला. पंखा बोटाच्या टोकानं फिरवला. तो फिरला, फिरत राहिला, नव्यासारखा. दांडा हलला नाही. पात्यांवर ओरखडा नाही. त्यानं तो पुन्हा बसवला, पुन्हा उतरवला, दिव्याखाली धरला. खोट काही सापडेना.

तेवढ्यात त्याची बायको गौसिया डबा घेऊन आली. त्याच्या मागं उभी राहून ती बराच वेळ बोलत होती म्हणे. शेवटी तिनं खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला.

"कब से चिल्ला रही मैं. सुनाई नइ दिया क्या?"

त्यानं हातातला टर्बो खाली ठेवला. खोट कुठं आहे ते त्याला तेव्हा कळलं.

स्पेअर आणायचे म्हणून तो नांदेडला गेला आणि तो रेघेचा कागद घेऊन आला. डॉक्टर चांगला होता. त्यानं सांगितलं की जाड आवाज अजून येतील, बारीक गेले. तीस वर्षं इंजिनांजवळ डोकं ठेवलं की होतं असं. कानाला मशीन लावा, माणसांशी बोलायला सोपं जाईल.

"आन् शिट्टी?" जहांगीरनं विचारलं.

"कसली शिट्टी?"

"न्हाई, काही न्हाई."

कागद त्यानं गॅस्केटांच्या गठ्ठ्यात घातला. गौसियाला कळलं होतं. ती कुकरपासून त्याला दूर ठेवू लागली आणि बाहेर काही बोलली नाही. राहिला धम्मानंद. त्याला कळता कामा नये, एवढंच जहांगीरनं धरून ठेवलं. धम्मानंदला कळलं की रविवार संपला. साठच्या वेगात तो डोळे मिटून शेजारी बसायचा तो ह्या कानाच्या भरवशावर. भरवसा गेला तरी तो बिचारा बसेल, पण दोन्ही हातांनी पाइप धरून बसेल. ते जहांगीरला पाहायचं नव्हतं.

*

पाऊस झाला, नदी भरली, नदी आटली. फेब्रुवारीत विंचू पुन्हा वाळूत उतरला.

जहांगीरनं एक तोड काढली होती. पट्टीवर पाय दाबायचा आणि नजर तिरकी करून धम्मानंदच्या तोंडाकडं बघायचं. भुवया वर गेल्या, दाताची जागा दिसली, म्हणजे शिट्टी वाजली. इंजिनाचा घोगरा आवाज खालून येत होताच; वरचं बारीक तो त्या तोंडावरून वाचून घ्यायचा. तीन रविवार असे गेले, आणि चौथ्याला त्याला वाटायला लागलं की आपल्याला ऐकूच येतंय.

दांडा बोटानं हलवून पाहायचं त्याच्या मनात यायचं. पण नळी काढायला बसलं की पत्र्यापलीकडून धम्मानंद येणार आणि विचारणार, "भाई, आज कान सोडून हात काहून?" म्हणून नळी तशीच राहिली.

मार्चातल्या पहिल्या रविवारी भुवया वर गेल्या नाहीत. उलट मध्ये आल्या.

विडी पेटवताना धम्मानंद म्हणाला, "भाई, आज आवाज..."

"काय आवाज?" जहांगीर इतक्या जोरात म्हणाला की काठावरचे बगळे उडाले. "काय झालं आवाजाला?"

धम्मानंदनं त्याच्याकडं पाहिलं. मग काडी झटकली. "काही न्हाई. मस्त येऊन राहिला, म्हणलं."

दुसऱ्या रविवारी तो पट्टीवर पोचायच्या आतच तोंड वाकडं करून बसला होता.

"पोट बिघडलं का रे?"

"व्हय," धम्मानंद म्हणाला. "जरासं."

तेल पाव लिटर कमी भरलं. जहांगीरनं ओतलं. जुनं इंजिन, तेल खाणारच. मागून निळा धूर निघत असेल तर तो दिसायला मागं पाहावं लागतं, आणि मागं नेहमी धूळच असते.

तिसऱ्या रविवारी धम्मानंद ट्रॉलीतून उतरतानाच म्हणाला, "आज राहू द्यायचं का? ऊन लई हाये."

"आठ वाजलेत. कुठलं ऊन? भ्याला का?"

"भ्यायला काय झालं. तुमी हायेत ना."

जहांगीरला ते वाक्य आवडलं. सपाट पट्टीवर त्यानं तिसरा टाकला आणि पाय तळापर्यंत दाबला. शेजारी पाहिलं. धम्मानंदनं दोन्ही हातांनी पाइप धरला होता.

मग सीटमधून, कमरेतून, एक ठोका वर आला. त्यानंतर दुसरा. इंजिन अडखळलं, खोकलं, आणि बंद पडलं. विंचू वाळूत आपोआप मंद होत होत थांबला. पांढराशुभ्र धूर त्यांच्या डोक्यावरून पुढं गेला.

*

नळी काढल्यावर दिसलं. पंख्याची पाती कुणी उंदरानं कुरतडल्यासारखी. तीन तर नव्हतीच. ती इंजिनात गेली होती. दांडा चांगला हाताला लागेल इतका हलत होता. जहांगीर तो हलवत राहिला, इकडं, तिकडं.

"हे एका दिवसाचं न्हाई," तो म्हणाला.

धम्मानंदनं खिशातून विडी काढली.

"कवापासून वाजत होतं?"

"तीन रविवार झाले."

"कसं?"

"सायरनवानी, भाई. शेवटी शेवटी तर करवत चालवल्यावानी. काठावरच्या शेरड्या पळाल्या." त्याचा आवाज चढला. "मला वाटलं तुमाला म्हाईत हाये. तुमी काहीतरी बघून राहिले असाल. उस्तादाला मी काय सांगू? एकदा सांगितलं तर सोळा दिवस तोंड शिवलं व्हतं तुमी!"

"मला ऐकू येत न्हाई, धम्मा."

"काय?"

"बारीक आवाज. मागच्या मेपासून. नांदेडला दाखवून आलो."

धम्मानंद वाळूत खाली बसला. हातातली विडी त्यानं पेटवलीच नव्हती. "मग ह्या वर्षी... मी हसलो की तुमी बी हसायचे. दर खेपंला."

"तुझ्या तोंडाकडं बघून."

हे ऐकल्यावर धम्मानंदनं तोंड फिरवलं. नदीच्या दुसऱ्या काठाकडं, बराच वेळ. जहांगीरला त्याची फक्त मान दिसत होती आणि मानेवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. तो काही बोलत असेल तर तेही कळायला मार्ग नव्हता.

रूपसिंगला फोन धम्मानंदनं केला. रूपसिंग आला, धूर पाहिला, दोघांकडं पाहिलं आणि त्या दिवशी त्यानं म्हशीचं नाव काढलं नाही.

*

इंजिन उघडलं. दोन व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनच्या माथ्यावर पातीचा तुकडा रुतलेला, सिलिंडरला उभे ओरखडे. जहांगीरनं सगळं डिझेलमध्ये धुतलं, कापडावर ओळीनं मांडलं, आणि मग तसंच गोणीत भरलं. धम्मानंद सांगाडा ओढून पत्र्याच्या भिंतीपाशी घेऊन गेला.

त्या आठवड्यात सेनगावचा हरीश जीप घेऊन आला. प्रवासी भरून धावणारी जीप, चढाला ओढत नव्हती.

"उस्ताद, जरा कान लावा."

जहांगीर मडगार्डाला हात टेकून उभा राहिला. हाताला इंजिनाची थरथर लागत होती. त्या थरथरीत काहीतरी बेसूर होतं, पण कुठलं, ते त्याला हाताच्या तळव्यातून काढता येईना. त्यानं भिंतीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. धम्मानंद हातमोजे काढत आला.

"ऐक," जहांगीर म्हणाला. "काय येऊन राहिलं सांग. टक-टक का कर्रकर्र? दर फेऱ्याला का एक सोडून एक?"

धम्मानंदनं इंजिनावर मान वाकवली. डोळे मिटले, जहांगीर मिटायचा तसेच. हरीश हसायला लागला होता, मग थांबला. धम्मानंदच्या कपाळावर घाम आला.

"भाई," तो हळू म्हणाला, मग लक्षात येऊन मोठ्यानं म्हणाला, "सगळा एकच आवाज येऊन राहिला. मला न्हाई कळत."

"परत ऐक."

"ऐकलं, भाई. दोनदा ऐकलं."

जहांगीरनं हात काढला आणि कापडाला पुसला. "हरीश, हिंगोलीला दाखव. बसस्टँडच्या मागं एक जण हाये, मशीन लावून बघतो."

"तुमी काहून न्हाई बघत?"

धम्मानंदनं काही बोलायला तोंड उघडलं. जहांगीर त्याच्या आधी बोलला.

"मला ऐकू येत न्हाई, बाबा," तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं, आणि शेजारच्या पंक्चरवाल्यानंही मान वळवून पाहिलं.

हरीशनं जीप वळवली. धम्मानंद तिथंच उभा राहिला, हातमोजे हातात घेऊन. मग पत्र्यापलीकडं गेला. थोड्या वेळानं ग्राइंडर सुरू झाला असावा, कारण पत्रा थरथरू लागला.

*

विंचू कयाधूत पहिल्यांदा उतरला तो २०१७ च्या फेब्रुवारीत, आणि पहिली दोन वर्षं त्याला टर्बो नव्हता. शिट्टी नव्हती, तरी उन्हाळ्यात दर रविवारी दोघं नदीवर जायचे.