सकाळचं भूछत्र, दुपारचं ताट

माझी सून रोज सकाळी घरामागच्या झाडीत जाऊन कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो काढते. दुपारी माझ्या ताटाचा फोटो काढते. मी जन्मभर शिवणकाम केलंय. दोन तुकडे समोर आले की कुठे जोडायचे, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

आधी म्हटलं, असेल हौस. लेक बोटीवर नोकरीला, घरात आम्ही दोघीच, रमवू दे मन कशाततरी. पण हौशी माणूस फुलांचे फोटो काढतो, मांजराचे काढतो. ही चिखलात गुडघे टेकून सडक्या ओंडक्यावरची भूछत्रं टिपते. त्यात एक दिवस माझं अंगुस्तान जागेवर नव्हतं.

अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटात घालायची पितळी टोपी. माझं लग्नाआधीचं आहे, मशीनच्या खणात त्याची ठरलेली जागा. सकाळी गायब, चहाच्या वेळेला परत, कडेला ओली माती. दुसऱ्या दिवशी तेच. मी विचारलं नाही; विचारलं की चोर सावध होतो. नुसतं हुंगून पाहिलं, तर कुजक्या पाल्याचा वास. अंगुस्तानात मावतं किती? चिमूटभर. आणि काही गोष्टींना चिमूट पुरते.

त्यातच जेवणाची चव गेली. हिच्या हाताला चव आहे, उगाच खोटं कशाला बोलू? पण अलीकडे माझ्या ताटातली भाजी कागद चावल्यासारखी लागायची, आणि ही मात्र समोर बसून मिटक्या मारत जेवायची. एकदा ती पाण्याचा जग भरायला आत गेली तेव्हा मी तिच्या ताटातला घास चाखला. झकास! मग तर माझी उरलीसुरली शंकाही फिटली.

त्या दिवसापासून मी ताटं बदलायला लागले. तिचा क्रम ठरलेला. दोन्ही ताटं वाढायची, माझ्या ताटाचा फोटो काढायचा, मग जग भरायला जायचं. तेवढ्यात इकडचं ताट तिकडे. ती येऊन पहिला घास घ्यायची, जराशी थबकायची आणि मुकाट्यानं सगळं संपवायची. करावं तसं भरावं, मी मनात म्हणायचे. तरी मला घास गोड लागत नव्हता.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीकडे मी मन मोकळं केलं. ती म्हणाली, "अहो, काही छत्र्या हळूहळू मारतात. आधी पाय सुजतात म्हणे." दोन दिवसांत माझी चप्पल पायात जाईना. म्हणजे पोरीनं ओळखलं होतं! मी ताटं बदलते हे कळल्यावर आता ती स्वतःच्या ताटात घालत असणार आणि माझ्याच हातानं मला खायला लावत असणार. शेराला सव्वाशेर. मी ठरवलं, रविवारी लेकाचा फोन आला की स्पष्ट सांगायचं: या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी.

रविवार उजाडायच्या आत मशीनवरच माझे डोळे फिरले. तिनंच मला धरलं, तिनंच रिक्षा बोलावली. मी वाटभर तिच्या हाताकडे बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पायाला बोट दाबून पाहिलं आणि माझ्यावर न ओरडता तिच्यावर ओरडल्या. "गेल्या तपासणीला यांचं मीठ बंद करायला सांगितलं होतं ना?"

"एक कणही घालत नाही हो," सून रडकुंडीला आली. "यांचं आधी वेगळं काढते, मग माझ्यात मीठ घालते. पण..." ती माझ्याकडे वळली. "पण माझंच जेवण अळणी लागतं हल्ली. मला वाटायचं, ताटं ठेवताना मीच घोळ घालते. फोटो ताडून बघायचे, तर ताट बरोबर तुमच्यापुढेच. आई, तुम्ही ताटं बदलत होतात?"

खोटं माझ्या जिभेवर तयारच होतं. "जीभ ऐकत नाही गं. मिठावाचून घास उतरत नाही."

ती डोळे पुसत हसली. "मागायचं तरी! बोटीवरून यांनीच बजावलं होतं, आईला मिठाचं सांगू नकोस, ती हट्टाला पेटेल. गुपचूप कर आणि रोज ताटाचा फोटो पाठव."

घरी आल्यावर तिनं मला फोन दाखवला. रोजचे दोन फोटो, लेकाला पाठवलेले. एक ताट, एक भूछत्र. "बोटीवर नुसतं लोखंड आणि पाणी," ती म्हणाली. "रोज जमिनीवर उगवलेलं काहीतरी दाखव म्हणाले." हल्लीच्या प्रत्येक भूछत्राशेजारी माझं अंगुस्तान उभं होतं. कुठे भूछत्र त्याच्या दुप्पट, कुठे त्याहून इवलंसं. "आकार कळावा म्हणून मी आधी नाणं ठेवत होते. तर म्हणाले, नाणं नको, आईचं अंगुस्तान ठेव. लहानपणी ते बोटात घालून झोपायचे ना? तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

मला भडभडून आलं. तेव्हाच सगळं कबूल केलं असतं तर बरं झालं असतं. पण मी नाक शिंकरलं आणि आडवी झाले.

इस्त्रीवालीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी सून कपडे घेऊन परतली ती दारातच उभी राहिली. कपड्यांचा गठ्ठा तसाच छातीशी.

"मी तुम्हाला विष घालते असं वाटत होतं?"

मी मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला.

"वाटू शकतं माणसाला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "पण त्या ताटात विष आहे असं वाटत होतं, तर ते मला कसं खाऊ दिलंत, आई?"

ती आत गेली, कपडे कपाटात लावले, माझ्या गोळ्या काढून ठेवल्या.

रविवारी सकाळी अंगुस्तान खणात होतं, कोरडं. ती झाडीत गेली नव्हती. फोन वाजला तेव्हा ती माझ्याआधी पोचली, आणि मी मशीनला धरून उभी राहिले. एक तर ती, नाहीतर मी. आता ते ठरवणं तिच्या हातात होतं. मी तिच्या जागी असते तर एक शब्द गाळला नसता.

"हो, आता बऱ्या आहेत," ती सांगत होती. "काही नाही हो, मिठासाठी जीव कासावीस व्हायचा त्यांचा, म्हणून ताटं बदलायच्या. नाही, बाकी काही नाही."

मग माझ्याकडे न बघता तिनं फोन माझ्या हातात दिला.