न फिरवलेलं ताट

माझा नवरा तेरोय एस्तान्सियाला त्या बाईकडे जायचा, आणि तो तिकडे सुखरूप पोचावा म्हणून ताट फिरवायचे मी. माझ्याइतकी मूर्ख बाई आमच्या हिगान्तेस बेटावर शोधून सापडली नसती.

आमच्याकडे घरात जेवणं चालू असताना कुणी प्रवासाला निघालं, की जेवणाऱ्या प्रत्येकाने आपलं ताट जागच्या जागी एकदा गोल फिरवायचं. मग जाणारा बुडत नाही, पडत नाही, धडकत नाही. हात खरकटा असला तरी चालतो, तोंडात घास असला तरी चालतो, पण फिरवायचं सगळ्यांनी. माझी सासू, नानाय सेपा, म्हणते, "होडीला बुडायला एकच भोक पुरतं." तिने ते भोगलंय. तिचा नवरा भर जेवणातून भांडून उठला आणि रागाच्या भरात तिने ताट हलवलं नाही. होडी परत आली, तो आला नाही. तेरोय तेव्हा रांगत होता. ही गोष्ट तो आईच्या दुधाबरोबर प्यायलाय.

तेरोय मासेमारी करतो. पकडलेली मासळी समुद्रापलीकडच्या एस्तान्सियाच्या बाजारात विकायला न्यायची, तर भरती लागली की होडी सोडावी लागते, मग कुणी जेवत असो की झोपलेलं. तिथे धक्क्यालगत निम्फाची खानावळ आहे. आधी तो तिथे जेवायला थांबायचा, मग राहायला थांबू लागला. आज इंजिन बिघडलं, उद्या वारा उलटा होता, परवा बर्फ मिळाला नाही. इतकं बिघडणारं इंजिन मी केव्हाच समुद्रात ढकलून दिलं असतं. मग एकदा त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून आलं, लाल दोऱ्याने. आमच्या घरात लाल दोरा नाही.

माझं दुःख काय होतं ते सांगते. तेरोय तोंडाने बोलणारा माणूस नव्हेच. लग्नाआधी तो माझ्या बापाच्या घरी वर्षभर पाणी भरत होता, लाकडं फोडत होता, पण 'लुमिंग, तू मला आवडतेस' एवढं काही त्याच्या तोंडून फुटलं नाही. लग्न झाल्यावर माशाच्या पोटाचा मऊ तुकडा गुपचूप माझ्या ताटात सरकवायचा आणि भलतीकडेच बघायचा. मला कळायचं. मीही कुठे बोलत होते? तो निघाला की मी ताट फिरवायचे, त्यालाही कळायचं. आमच्यात एवढंच होतं आणि ते मला पुष्कळ होतं. तेच त्याने नेऊन दुसऱ्या बाईच्या टेबलावर ठेवलं, म्हणून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्या दुपारी आम्ही चौघं जेवत होतो. तो, मी, नानाय सेपा आणि आमची मुलगी जोबेल. भरती लागली. तेरोय उठला, हात धुतले, नवा सदरा घातला. मासळीच्या टोपल्या वाहायला नवा सदरा!

"निघतो," तो म्हणाला.

नानायचं ताट फिरलं. जोबेलचं फिरलं. पत्र्याची ताटं लाकडावर खरखरली. मी माझं ताट डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलं आणि उजव्या हाताने माशाचं डोकं चोखायला घेतलं.

तेरोय दोन पायऱ्या उतरला आणि परत वर आला.

"लुमिंग, ताट."

"दिसतंय मला. ताटच आहे."

"फिरव ना."

"भात गरम आहे."

"गंमत करू नकोस गं. भरती निघून जाईल."

"मग जा की. मी काय तुझे पाय धरलेत?"

नानायच्या हातातला घास खाली पडला. "सूनबाई," ती म्हणाली, "वाटेल त्या शिव्या दे त्याला. पण हे नको."

"शिव्या त्याला लागत नाहीत, नानाय. देऊन पाहिल्यात."

तेरोय दारात उभा राहिला. माझ्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. मग त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मला इतकं गोड वाटलं की मी दुसऱ्यांदा भात घेतला.

तिथून पुढे मला चटकच लागली. त्याने सदऱ्याला हात घातला रे घातला, की मी ताट ओढून बसायचे. जेवून झालेलं असलं तरी बसायचे. कधी शिळा भात, कधी उकडलेलं केळं, काहीच नसलं तर मीठ चाटत बसायचे. ताटात काहीतरी असलं आणि तोंड हलत असलं की ते जेवणच. एकदा तो पहाटे चोरपावलांनी उठला, तर मी पायरीवरच ताट मांडीवर घेऊन बसलेली. "इतक्या लवकर भूक लागते?" त्याने विचारलं. "हल्ली सारखी लागते," मी म्हटलं. माझे झगे घट्ट झाले. शेजारणी म्हणाल्या, लुमिंगला दिवस गेले की काय. गेले होते खरे, पण त्याचे.

धक्क्यावरच्या लोकांनी तर त्याला सोलूनच काढला. "काय तेरोय, ताटाखालचं मांजर झालास ना शेवटी? म्याँव कर बघू." तो मान खाली घालून जाळं विणायचा. त्याची मासळी दादो आपल्या होडीतून एस्तान्सियाला नेऊ लागला. वयाने मोठा म्हणून आम्ही त्याला मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. मी खाडीकाठी शिंपले फोडायला बसले की तेरोयही येऊन बसायचा. तोही फोडायचा, काही न बोलता. एका दुपारी त्याने माशाच्या पोटाचा तुकडा माझ्या ताटात सरकवला, कित्येक महिन्यांनी. मला वाटलं, जिंकले मी. तो आता कुठे जात नाही. जाऊ शकत नाही म्हणून जात नाही की नको म्हणून जात नाही, हे मी स्वतःला विचारलंच नाही. सूड चांगला चालला असताना असले प्रश्न कोण विचारतं?

मग दादो निरोप घेऊन आला. टोपल्या उतरवल्या, घाम पुसला, डोकं खाजवलं.

"लुमिंग, राग मानू नकोस. मी नुसता निरोप्या."

"बोल की, मानोंग."

"निम्फा म्हणाली, लुमिंगला सांग, तेरोय माझ्याकडून घरी निघतो ना, तेव्हा दर वेळी मी ताट फिरवते. वादळातसुद्धा तुझ्याकडे धड पोचला तो उगाच नाही. मी माझ्या हाताने तुझ्याकडे पाठवते. आता तूही फिरव."

माझ्या हातात शिंपले फोडायची सुरी होती. नशीब, निम्फा समुद्राच्या पलीकडे होती. "तिच्याकडे ताटं ढीगभर आहेत," मी म्हटलं, "तिला काय जातंय फिरवायला!" पण दादो गेला आणि मी तिथेच बसून राहिले. म्हणजे वर्षानुवर्षं हा माणूस दोन बायकांच्या मधे पाळण्यातल्या पोरासारखा झुलत होता. इकडून निघाला की मी ताट फिरवते, तिकडून निघाला की ती. याचा केस वाकडा करायची वाऱ्याची बिशाद नव्हती. आणि माझ्यासाठी?

संध्याकाळी मी त्याला विचारलं. "तेरोय, तू माझ्यासाठी कधी ताट फिरवलंस?"

तो खरंच विचारात पडला. बोटाने गालफड खाजवलं. मग अगदी सरळपणे म्हणाला, "तू कुठे गेलीस कधी?"

खोटं नव्हतं ते. मी कुठे गेले होते? सगळे जेवत असताना मी चुलीपाशी असायचे, पाणी देत, भात वाढत. उठून जायला आधी बसावं तर लागतं. त्या शब्दांनी मला जे झालं ते निम्फाच्या निरोपानेही झालं नव्हतं. त्याला घरात कोंडून मी सूड घेत होते, आणि कोंडलेली तर मीच होते, ताट धरून. मी ठरवलं, आता मी जाणार. भर जेवणातून जाणार. दारात उभी राहून बघणार, हा माणूस माझ्यासाठी ताट फिरवतो की नाही. त्या एका गोष्टीवर मी सगळं ठेवलं. फिरवलं तर परत येईन आणि त्या बाईचं नावसुद्धा काढणार नाही. नाही फिरवलं, तर तो जाणे आणि त्याचा देव जाणे.

रविवारी मी नारळाच्या दुधात खेकडे केले. चांगले भरलेले, लाखेसारखी लाल अंडी धरलेले. सगळ्यांना बसवलं, पोटभर वाढलं. तेरोय नांग्या फोडून चोखायला लागला, कोपरापर्यंत ओघळ आले. मी पातेलं झाकून ठेवलं, हात धुतले, चांगला झगा घातला आणि कोपऱ्यातली पिशवी उचलली.

"निघते," मी म्हटलं.

जोबेलने वर पाहिलं. "कुठे, मा?"

"मावशीकडे. रोहासला."

नानाय सेपाचा हात सगळ्यांत आधी हलला. म्हातारीने दोन्ही हातांनी ताट फिरवलं, खर्रर्र, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. जोबेलने फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने 'का' म्हणून विचारलं नाही.

मी दारात थांबले. तो थांबायचा तिथेच, उंबऱ्यावर. तेरोयच्या तोंडात नांगी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

"आत्ता?" तो म्हणाला. "बरं, जाता जाता भात तेवढा वाढ."

नानायने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की नांगी तोंडातून उडाली. पण मी तोवर पायऱ्या उतरले होते. मी धावले नाही. सावकाश गेले, आतून खरखर ऐकू येते का बघत. नाही आली.

दादोची होडी तयार होती. मी बसले, त्याने इंजिन चालू केलं, होडी धक्क्यापासून सुटली. तेवढ्यात वाळूवरून तेरोय धावत आला. अनवाणी, सदऱ्याशिवाय, हातात ताट. ते ताट तो हवेत गोल गोल फिरवत होता, आणि खेकड्याचा रस त्याच्या छातीवर, डोक्यावर, धक्क्यावरच्या लोकांवर उडत होता. कुत्री मागे लागली होती.

"लुमिंग! फिरवलं! हे बघ, फिरवलं!"

धक्का हसून लोळत होता. "अरे तेरोय, तूपण फिर, तूपण! एक गिरकी!" त्याला ऐकू येत नव्हतं. रडत होता की घाम होता, इतक्या लांबून मला दिसलं नाही. बघायचंही नव्हतं. आयुष्यभर ज्याने तोंड उघडलं नाही, तो सगळ्या बेटासमोर माझं नाव ओरडत होता, आणि मला दया आली नाही. खरं सांगते, मला थंडगार वाटलं, भर दुपारी विहिरीचं पाणी अंगावर घेतल्यासारखं.

"थांबवू?" दादोने विचारलं.

मी उभी राहिले, तोंडाला हात लावले आणि ओरडले, "भात मिळाला का?"

दादोने इंजिनाचा वेग वाढवला.

वाटेत मात्र मला भीती वाटली. दोन ताटं फिरली होती, तिसरं वेळेवर, जागच्या जागी फिरलं नव्हतं, आणि एक भोक पुरतं. होडीची कड मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. निदान एखादी लाट यावी, माझी पिशवी तरी वाहून जावी, त्याच्या जन्माला पुरेल अशी टोचणी लागावी, असंही मनात येत होतं. पण समुद्र सारवलेल्या अंगणासारखा सपाट. एस्तान्सियाला मी कोरडी ठणठणीत उतरले. निम्फाच्या खानावळीवरून मान ताठ ठेवून गेले. ती आत जेवत होती. तिने मला ओळखलं, आणि हात ताटाकडे नेला. "तुझं तू जेव," मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.

आता मी बहिणीकडे आहे. जोबेल फोन करते.

"मा, आता ये. पा दुपारचं ताट घेऊन धक्क्यावर जाऊन बसतो. तिथेच जेवतो. कुठलीही होडी सुटली की ताट फिरवतो. ओळखीचं असो, नसो. एस्तान्सियाला गेलाच नाही तो. मासळी अजून मानोंग दादोच नेतो."

"लोक हसतात?"

"आधी हसायचे. आता त्याला सांगून निघतात."

माझ्या बहिणीने टेबलावर मासा ठेवला होता. पोटाचा तुकडा तसाच होता, त्याला मी हात लावला नव्हता.

"भात कोण वाढतं त्याला?" मी विचारलं.

"स्वतःच घेतो. करतो पण स्वतःच. करपवतो, पण करतो."

"बरं चाललंय की मग."

"मा, येशील ना?"

येईन. पण ते तिला सांगितलं नाही, तोही ऐकत असणार. कधी येणार ते कुणालाच सांगणार नाही. बसू दे त्याला प्रत्येक होडीकडे बघत. असल्याच एका दुपारी, सगळे जेवत असताना, मी पायऱ्या चढून आत जाईन आणि जेवायला बसेन. येणाऱ्या माणसासाठी ताट फिरवत नाहीत. येणाऱ्याला आधी भात वाढतात. मी पातेल्याला हात लावणार नाही.