उजव्या हाताची भिंत

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्याने केली, त्याच्या घरात नक्कीच एखादा निवृत्त बस ड्रायव्हर सासरा असणार. आर्किटेक्टबाईंनी तीन आठवड्यांत चार नकाशे काढले आणि ड्रायव्हरसाहेबांनी चारही नकाशांना एकच उत्तर दिलं, "जुन्या घरासारखं करा."

साहेब म्हणजे काही खरे साहेब नव्हेत. चौतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवून त्यांनी गाडीला एक ओरखडा येऊ दिला नव्हता, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेली ती पदवी. भाड्याच्या तीन खोल्या त्यांच्याच नावावर होत्या. लेक तिथेच वाढली आणि लग्नानंतर जावईही तिथेच राहायला आला. घरजावई म्हणून साहेब त्याची यथेच्छ थट्टा करत आणि तोही बिचारा हसून घेई. आता त्या दोघांनी स्वतःची जागा घेतली होती आणि तिच्यावर घर उभं राहायचं होतं. राहू दिलं तर.

चौथा नकाशा टेबलावर पसरून बाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली. "काका, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतच ठेवली नाही. सगळं मोकळं. तुमची खोली इकडे, शांत कोपऱ्यात."

"एवढं मोकळं कशाला? बस वळवायची आहे का आत?"

"आणि ही माझी खिडकी," लेक मध्येच म्हणाली. तिचं बोट नकाशावरून हलेना. "पूर्वेची. हात टेकून निवांत उभं राहता येईल एवढी रुंद. बाई, आमच्या जुन्या घरी एकच खिडकी, तीही शेजारच्या पाइपासमोर. बाहेर पाऊस पडतोय का, हे त्या पाइपाला विचारावं लागतं."

"जुन्या घरात काय वाईट आहे?" साहेब म्हणाले. "माझी खोली, पुढे बाहेरची खोली, तिच्यापुढे स्वयंपाकघर. सरळ रस्ता, उजव्या हाताला भिंत. तसंच करा."

"बाबा, जुनंच बांधायचं तर नवं कशाला?" जावई हसत म्हणाला. लेकीला मात्र हसू आलं नाही. "राहू दे. त्यांना माझं काही आवडतच नाही," असं म्हणून तिने पर्स उचलली. साहेबांच्या ते फार जिव्हारी लागलं. पण खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

खरं कारण असं होतं, की साहेबांची नजर चालली होती. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं आणि साहेबांनी ते स्वतःपाशीच ठेवलं होतं. जिकडे पाहावं तिथे मधोमध धुकं, कडेने थोडंफार जग. जुन्या घरात मात्र त्यांचं काही अडत नव्हतं. सकाळी उठायचं, उजवा हात भिंतीला लावायचा. तिसऱ्या पावलाला कपाटाची कड, दहाव्याला दिव्याचं बटण, अकराव्याला स्वयंपाकघराची चौकट. मग तिघांचा चहा. तो चहा त्यांच्या हातचा होता तोवर ते घरातले कर्ते होते. एकदा जिन्यावर पाय घसरला होता, तर लेकीने महिनाभर त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपलं होतं. नजरेचं कळलं असतं, तर तिने त्यांना गॅसच्या आसपासही फिरकू दिलं नसतं. आणि त्या मोकळ्या खोलीत, जिथे हाताला काहीच लागणार नाही, तिथे कोणीतरी धरून नेल्याशिवाय त्यांना पाऊल टाकता आलं नसतं. याच एका गोष्टीची त्यांना धास्ती होती.

आर्किटेक्टबाई मात्र हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना जागेवर बोलावलं. जमिनीवर चुन्याची फक्की टाकून अख्खं घर आखून ठेवलं होतं, खऱ्या मापाचं. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी फट.

"कागदावर घर कळत नाही, चालून बघा," त्या म्हणाल्या आणि साहेबांच्या हातात रिकामा कप दिला. "काका, सकाळ झाली. चहा करायला जा."

माती पांढरट, चुना पांढरा, वर रणरणतं ऊन. साहेबांना काही म्हणजे काही दिसेना. पण माघार घेतील तर ते ड्रायव्हर कसले! त्यांनी ऐटीत पाऊल उचललं.

"बाबा! भिंतीतून गेलात की!" लेक खिदळली.

"आता न्हाणीघरात!" जावई ओरडला. "चौतीस वर्षांनी ओरखडा आला हो गाडीला!"

साहेबही हसले आणि वळून तिसऱ्या भिंतीतून पार झाले. आर्किटेक्टबाई हसत नव्हत्या. त्या साहेबांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. तो कमरेच्या उंचीवर पुढे झाला होता आणि त्याची बोटं हवेत काहीतरी शोधत होती. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, रेघ दिसतेय का तुम्हाला?"

थाप मारायला साहेबांना वेळ लागत नसे. पण चालून चालून ते दमले होते, दीड वर्ष दमले होते. "नाही," ते म्हणाले.

लेकीचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिने येऊन तोच हात धरला. "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"आणि रोजचा चहा?"

"चहाला डोळे कशाला लागतात? उतू जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो."

ती तिथेच, चुन्याच्या न्हाणीघरात, हमसून हमसून रडली. "आणि मी म्हणत होते, तुम्ही हट्टी आहात."

"हट्टी तर मी आहेच," साहेब म्हणाले आणि कप जावयाकडे देऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

पुढचे दोन दिवस लेक जुन्या घराची मापं घेत होती. टेप होता, पण तिने तो वापरला नाही. साहेबांना पुढे चालायला लावून ती मागून मोजत होती, "बाबा, तुमचंच पाऊल हवं. माझं लांब पडतं." गॅसचा विषय तिने काढला नाही. साहेबांनीही नाही.

आठवड्याने आर्किटेक्टबाई पाचवा नकाशा घेऊन घरीच आल्या. या नकाशावर प्रत्येक भिंतीच्या जागी जाड दोरा चिकटवला होता. साहेबांचं बोट त्यांनी खाटेपाशी नेऊन ठेवलं. बोट निघालं. कपाट, बटण, चौकट, गॅसचा ओटा.

"सगळे थांबे आले," साहेब म्हणाले. मग बोट उलट फिरलं आणि बाहेरच्या खोलीच्या दोऱ्यावर दोनदा पुढेमागे झालं. दोरा कुठेच तुटला नव्हता. "ही पूर्वेचीच भिंत ना? हिच्यात खिडकी होती."

लेक म्हणाली, "मीच काढायला सांगितली, बाबा. तुम्हाला भिंत सलग हवी."

साहेबांना भरून आलं. पाइपासमोर उभी राहून बाहेरच्या पावसाचा अंदाज घेणारी परकरातली पोर त्यांना धुक्याशिवाय, लख्ख दिसली.

"बाई, ब्लेड आहे का?" ते म्हणाले. "पाचव्या पावलापासून आठव्यापर्यंत दोरा कापा."

"अहो, मग हात कुठे लावाल?" लेक म्हणाली.

"खिडकीच्या कट्ट्यावर. कमरेएवढा ठेवा, गुळगुळीत, हात सरकत गेला पाहिजे. हाताला ऊन लागलं की समजेन, निम्मा रस्ता आला."

"आणि मीच तिथे उभी असले तर?"

"तर तुझं कोपर लागेल," साहेब म्हणाले. "मग कळेल तू उठलीस. तुझा चहा आधी गाळीन."