पायाखाली मी नव्हतो

मी एक जुना ब्रेकचा पेडल आहे, मित्रांनो. तिघांमधला मधला. डावीकडचा क्लच कुरकुऱ्या, उजवीकडचा ॲक्सिलरेटर उतावळा आणि दोघांच्या मध्ये मी. गाडी पळाली की कौतुक उजवीकडच्याचे. थांबली तर माझे कोणी नावही घेत नाही. नाही थांबली, तर मात्र सगळ्यांना माझीच आठवण येते. तशी वेळ एकदा आली, आणि नंतर कित्येक वर्षे मला चैन नव्हते.

माझा जन्म एका कारखान्यात, पोलादाच्या पट्टीतून झाला. यंत्राने मला वाक दिला आणि कोणीतरी माझ्या तळव्यावर रबर चढवले. माझे काम सोपे आहे. तुम्ही मला दाबता, मी नळीतले तेल ढकलतो, आणि ते चारी चाकांपर्यंत जोर पोचवते. पुढच्या चाकांत लोखंडी चकती असते, तिला दोन पॅड चिमट्यासारखे धरतात. मागच्या चाकांत ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल लायनर फाकतात आणि त्याला आतून दाबून धरतात. सगळा खेळ तेलाचा. तेलाने पाठ फिरवली तर मी नुसता लोखंडाचा तुकडा.

मला चालवणारे दोघे भाऊ होते. थोरला चष्म्याची भिंगे घासायचा, म्हणून त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. धाकटा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे पायाने चालवायचे शिलाई मशीन होते. घरासमोरची गल्ली उताराची, आणि उतार संपतो तिथे दगडी भिंत.

चष्मेवाल्याने आमची गाडी जुनीच विकत घेतली होती. ब्रेकचे काम मात्र तो दुसऱ्याच्या हातात देत नसे. रविवारी सकाळी चाकाला दगड लावायचा, गाडी जॅकवर चढवायची, ड्रमवर हातोडीचे हलके टोले मारून तो सोडवायचा आणि आतली काळी धूळ ओल्या फडक्याने टिपायची. फुंकर मारलेली त्याला खपत नसे. मागचे एक चाक उघडले की दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. कोणती स्प्रिंग कुठे होती हे विसरले, तर शेजारच्या चाकात बघायला मिळते. तरीही तो चष्म्याच्या नंबरांच्या कार्डांमागे स्प्रिंगांची चित्रे काढून ठेवायचा.

तेलातली हवा काढायला दोन माणसे लागतात. तेव्हा शिंपी मशीनवरून उठून यायचा आणि माझ्यावर पाय ठेवायचा. चाकापाशी बसलेला भाऊ ओरडायचा, "दाब... धर... आता सोड!" शिंप्याचा पाय दिवसभर मशीन चालवून तयार झालेला, तसूभर इकडेतिकडे होत नसे. "घरात एवढा एकच सरळ पाय आहे," असे चष्मेवाला त्याला चिडवायचा.

आणखी एक सवय होती. गाडीत बसल्यावर किल्ली लावायच्या आधी चष्मेवाला मला तीनदा दाबायचा आणि विचारायचा, "आहेस ना?" मी टणक राहून त्याच्या पायाला उत्तर द्यायचो. पुढे पुढे माझ्या रबरावर त्याच्या पायाचा खळगा पडला.

तो रविवारही नेहमीसारखाच होता. पुढच्या चकत्यांना नवे पॅड बसवायचे होते. नवे पॅड जाड असतात. त्यांना जागा करायला पॅडला दाबणारा आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो. काम संपले की मला तीन-चारदा दाबायचे, म्हणजे दट्ट्या पुढे येतो आणि मी टणक होतो. त्याआधीचा पहिला दाब पोकळ जातो. चष्मेवाल्याला हे पाठ होते. पण हे काम तो एकट्यानेच करायचा. शिंप्याला त्याची काही कल्पना नव्हती.

चाके बसली, गाडी खाली आली. तेवढ्यात शेजाऱ्यांनी हाक मारली. त्यांना बाहेर पडायचे होते आणि आमची गाडी त्यांच्या फाटकासमोर होती. चष्मेवाल्याचे हात माखलेले. त्याने चाकाखालचा दगड काढला आणि भावाला म्हणाला, "तू जरा पुढे घे रे." भाऊ आत बसतोय तोवर तो गाडीपुढे पसरलेली हत्यारे गोळा करायला खाली वाकला.

मला कळत होते. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती. शिंप्याने हँडब्रेक सोडला, गाडी उताराला लागली, त्याने मला दाबले. पूर्ण जोराने, अगदी बरोबर मधोमध. आणि मी सरळ खाली, पत्र्याला जाऊन टेकलो. त्याच्या पायाखाली मी नव्हतोच. त्याला हँडब्रेक आठवेपर्यंत गाडी भिंतीशी पोचली होती. मध्ये चष्मेवाला होता.

तो तीन दिवस जगला, पण शुद्धीवर आला नाही.

गाडी ढकलत घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. गर्दीतले कोणी म्हणाले, "घाईत पाय दुसऱ्याच पेडलवर पडला असेल." शिंप्याने ते खरे मानले. त्याने मशीनचा पट्टा काढून टाकला आणि हाताने फिरवायचा दांडा बसवून घेतला. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मला त्या दांड्याची करकर ऐकू यायची. नऊ वर्षे ऐकली. वहिनी त्याला वेळेवर ताट वाढायची, वाकडा शब्द कधी बोलली नाही. पण तो ताटावरून मान वर करत नसे.

आणि दर रविवारी मला दाब जाणवायचा. एक, दोन, तीन. गाडीत कोणी नसायचे. ताडपत्रीखाली नुसता अंधार, आणि माझ्या रबरावरच्या त्या खळग्यात कोणाचा तरी पाय. "आहेस ना?" हे तेवढे ऐकू यायचे नाही. मी लाजेने गंजत होतो, मित्रांनो. दोष माझा नव्हता हे मला माहीत होते, पण शिंप्याचाही नव्हता, आणि ते सांगायला माझ्याखेरीज कोणी नव्हते.

मग एके दिवशी ताडपत्री उचलली गेली. चष्मेवाल्याची मुलगी. तेव्हा शाळेत होती, आता नोकरी करत होती. तिने बाबांची कार्डे शोधून काढली. एका वेळी एक चाक उघडून, कार्डावरच्या चित्राबरहुकूम मागचे लायनर बदलले. नशिबाने तेल कुठे गळत नव्हते. शेवटी तिने पुढचे पॅड बदलले, आत येऊन बसली आणि मला सहज दाबून पाहिले.

मी पत्र्याला टेकलो.

तिने दचकून पाय उचलला. पुन्हा दाबले, पुन्हा, पुन्हा. चौथ्या दाबाला मी टणक झालो. तिने पॅडचे कार्ड काढले. सगळ्यात खाली बाबांचे अक्षर होते, "शेवटी पेडल तीनदा दाबणे. विसरू नये." त्या दिवशीही बाबांनी पॅडच बदलले होते, हे तिला आठवले.

मग तिने पुढची चाके पुन्हा खोलली, दट्टे मुद्दाम मागे ढकलले, चाके बसवली. चारी चाकांना लाकडाचे ठोकळे लावले आणि काकाला बोलावून आणले.

"काका, आत बसा. एकदाच ब्रेक दाबा."

"नको गं बयो. माझ्या पायाचा भरवसा नाही."

"गाडी हलणार नाही. तुम्हाला माझी शप्पथ."

नऊ वर्षांनी तो पाय माझ्यावर आला. तसाच, मधोमध. मी खाली गेलो.

शिंप्याने किंचाळून पाय काढला. "अस्साच! तेव्हाही अस्साच गेला होता!"

"म्हणजे तुमचा पाय ब्रेकवरच होता, काका. नवे पॅड बसवून बाबा पेडल दाबायचं विसरले. चूक बाबांची होती."

"दादाबद्दल असं बोलू नकोस."

"मग कोण बोलणार? ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं." तिने कार्ड त्याच्या हातात दिले. तिला रडू फुटले होते. "माझे बाबा होते ते. मला तरी हे सोपं वाटतंय का?"

दारात तिची आई उभी होती. ती पुढे आली आणि दिराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भाऊजी, आता मान वर करून जेवत जा."

त्या दुपारी जुने तेल बदलले. मुलगी चाकापाशी बसली आणि माझ्यावर शिंप्याचा पाय होता. "दाबा... धरा... सोडा!" प्रत्येक वेळी तो रडत होता, पण पाय तसूभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतून पट्ट्याची सळसळ आणि पायाखालच्या लोखंडाची टकटक ऐकू आली. मशीन पुन्हा पायाने चालू लागले होते.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार मागत नाही. चाकाला हात लावलात, तर गाडी हलवण्याआधी मला दाबा, आणि मी टणक होईपर्यंत दगड काढू नका. आणि कोणी स्वतःलाच दोष देत म्हणाले, "चूक माझीच," तर लगेच मान डोलावू नका. आधी चाक उघडून बघा.

आता दर रविवारी मुलगी गाडी काढते. त्या खळग्यात पाय ठेवून मला तीनदा दाबते. मग पाय उचलून किल्ली लावते. तेव्हा मला आणखी एक दाब जाणवतो, चष्मेवाल्याचा, त्या दिवशी राहून गेलेला.

त्यालाही मी उत्तर देतो. आहे.