वळणातला ब्रेक

आमच्या घरी सायकल शर्यतीचे एक प्रशिक्षक आहेत. त्यांना सायकल चालवता येत नाही. पण एवढ्याशा गोष्टीने अडले तर ते आमचे हे कसले!

हे म्हणजे माझे यजमान, ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला ओरडून घाम फोडला. मग डोळ्यांनी दगा दिला. समोरचं अंधूक दिसायला लागलं, परवाना गेला, नोकरी गेली आणि मास्तर सोफ्यावर जाऊन बसले ते बसलेच. मी चहात साखर घालायला विसरले तरी मुकाट पिऊन टाकायचे. ज्या आवाजाला मी जन्मभर वैतागले, तो एकदा तरी ऐकू यावा म्हणून आता मी देव पाण्यात घालून बसले होते.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळभर लोकांना सुया टोचायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन सोफ्याकडे बघायचं. कामावर जायला भाचीची रेसची सायकल होती. तिची हौस महिन्याभरात फिटली आणि सायकल मावशीच्या गळ्यात पडली. एके दिवशी लॅबच्या फाटकावर पोस्टर दिसलं, हौशी महिलांची क्रायटेरियम शर्यत. म्हणजे चार रस्त्यांच्या चौकोनात गरागरा फिरत राहायचं. घाण्याचा बैल जन्मभर हेच करतो, त्याला कुणी मेडल देत नाही. वर नियम असा की पुढचा घोळका फेरी मारून मागून तुम्हाला गाठायला आला, की पंच शिट्टी मारून तुम्हाला बाहेर काढणार. घरी येऊन मी गंमत म्हणून विचारलं, "अहो, देऊ का नाव?"

सोफ्यावरून आवाज आला, "वळणावर मार खाशील."

अख्खं वाक्य! क्रियापदासकट! दुसऱ्या दिवशी मी नाव देऊन मोकळी झाले.

मग काय विचारता. भाजीबाजार उघडायच्या आत, रोज पहाटे, बाजाराभोवतीच्या रस्त्यावर आमची वरात. हे कोपऱ्यावर डोळे मिटून उभे. दिसत नाही म्हणून ऐकायचे. माझा ब्रेक जरा करकरला की बोट वर, आवाज मात्र अजून सोफ्यावरचाच, हळू. "वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. वळणात ब्रेक मारणारा आणि मांडवातून पळणारा नवरा, दोघांचा भरवसा नाही." घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून मला डावीकडे कलायला लावायचे. शेजारीण एकदा उघड्या दारातून आत आली, माझ्याकडे बघत राहिली आणि चक्कर येते का म्हणून काळजीने विचारून गेली.

बाजाराचा रस्ता एकेरी, त्यामुळे सगळी वळणं डावी. एकदा मी म्हटलं, "उलटंही फिरून बघू का?" तर म्हणाले, "एकेरी रस्त्यावर उलटं? माझ्या देखत?" झालं, विषय संपला.

तसा शर्यतीचा नकाशा आला होता. ह्यांनी तो नाकाला लावून पाहिला आणि जाहीर केलं, "डावी वळणं. बाजारासारखंच." मी तो हातात घेतला नाही. "आणा इकडे, मी बघते" म्हणणं म्हणजे "तुम्हाला दिसत नाही" असं तोंडावर सांगणं. एवढी अक्कल मला होती. दुर्दैवाने तेवढीच होती.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली होती. शेवटच्या फेरीला घंटा वाजवतात म्हणे. ती घंटा सायकलवर बसून ऐकायची, कडेला उभं राहून नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

शर्यतीच्या सकाळी आम्ही सगळ्या रेषेवर उभ्या होतो. पंचबाईंनी हात करत मोठ्याने दिशा सांगितली. सगळी वळणं उजवी.

ह्यांनी ऐकलं. चेहरा एकदम उतरला. "मला नकाशावरचा बाण दिसला नाही गं," एवढंच म्हणाले आणि पहिल्या कोपऱ्यापाशी फुटपाथच्या कडेवर जाऊन बसले. सोफ्यावर बसायचे अगदी तसे, खांदे पाडून, मान खाली घालून. हा माणूस आता परत उठायचा नाही असं वाटलं. मी काही बोलणार तेवढ्यात शिट्टी झाली.

उजवीकडे वळायला माझं अंग साफ नकार देत होतं. पहिल्याच वळणात घाबरून मी ब्रेक आवळला. करकर आवाज झाला आणि बाकीच्या बाया भुर्रकन निघून गेल्या. पण जाता जाता मला दिसलं, ह्यांची मान वर आली होती.

पुढच्या फेरीला जरा धीर आला. तेच वळण मी गुपचूप, सुरेख काढलं. शिकवलं होतं तसंच. ह्यांची मान खालीच.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या तिघीजणी काही फार लांब नव्हत्या. नेट लावला असता तर गाठल्या असत्या, आणि मग घंटाही मिळाली असती. मला ती फार हवी होती हो. मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. मग मी त्या वळणाच्या ऐन मध्यात दोन्ही ब्रेक करकचून दाबले. असा आवाज निघाला की बघणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

मास्तर उठून उभे राहिले.

पुढच्या फेरीला परत दाबले. हे रस्त्याकडेच्या कठड्याला येऊन भिडले. त्याच्या पुढच्या फेरीला अजून जोरात. आणि मग रस्ताभर ऐकू आलं, "अगं ए! आधी! वळणाच्या आधी! कितीदा सांगायचं?"

एव्हाना पुढचा घोळका माझ्या पाठीशी आला होता. पंचबाईंनी शिट्टी मारली आणि मी बाहेर. सायकलवरून उतरते न उतरते तोच मास्तर कठडा चाचपत, लालबुंद होऊन माझ्यापर्यंत पोहोचले.

"ब्रेक आहे की भोंगा? एवढं शिकवलं ते काय कचऱ्यात टाकलंस? डावं काय नि उजवं काय, वळण ते वळण! लाज आणलीस चारचौघांत! मान वर कर, मी बोलतोय!"

मान कशी वर करणार? माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पंचबाई लगबगीने आल्या, मला हाताला धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "ताई, घरीपण असेच ओरडतात का हो?"

"कुठलं हो," मी डोळे पुसत म्हटलं, "किती महिने वाट बघतेय."