बायकांच्या बाकावरचा टॅक्सीवाला

"पेशंटला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा," दारावरची आयाबाई त्याच्या बायकोकडे बघत तिसऱ्यांदा म्हणाली.

"अहो, पेशंट मीच आहे!" टॅक्सीवाला खेकसला. बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षभरापूर्वी त्याच्या छातीवर, बोंडाखाली, वाटाण्याएवढी गाठ आली. दिवसभर सीटबेल्ट घासतो, त्याचंच हे, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. पट्ट्यावर जुन्या टॉवेलची घडी शिवून घेतली. स्टँडवरच्या दोघांनी त्याचं बघून आपल्याही पट्ट्यांना टॉवेल गुंडाळले, म्हणजे शहाणपणाची कमाल! गाठ वाढत गेली तशी हा घडी जाड करत गेला. मग बोंड आत ओढलं गेलं, बनियनवर डाग पडायला लागले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मलम दिलं. "असलं काही पुरुषांना होतं होय?" म्हणून वर हसला. त्या मलमात आणखी दोन महिने गेले. शेवटी बायकोने बोलणं टाकलं, तेव्हा कुठे स्वारी मोठ्या दवाखान्यात आली. तेही लेकीला "हर्निया आहे" अशी थाप मारून.

आत डॉक्टरीणबाईंनी गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट वाचला. "कॅन्सरच आहे. स्तनाचा."

"छातीचा म्हणा ना हो."

"तसं म्हणून काय फरक पडणार? पुरुषांना क्वचित होतो, पण होतो. ऑपरेशन करू, मग औषधं. उशीर केलात, पण उपाय आहे. घरात आधी कोणाला झाला होता?"

"आत्या गेली त्यात."

"मुलंबाळं?"

"एकच मुलगी."

बाईंनी चष्मा काढला. "कधीकधी हा दोष रक्तातून पुढे जातो. तुमचं रक्त तपासू. त्यात सापडला, तर तिचंही तपासावं लागेल. तिला सांगितलंय ना?"

टॅक्सीवाला भडकला. "काय सांगू? बापाला बायकांचा रोग झालाय म्हणून?"

"हर्निया तुम्ही सांगितलात," शेजारी बसलेली बायको म्हणाली, "आता हेही तुम्हीच सांगायचं. लाज धरून बसलात, वर्ष घालवलंत. तिचं नाही घालवायचं."

बाहेर येऊन त्याने लेकीला फोन लावला. स्ट्रेचर खडखडत गेलं, कुणाचं तरी पोर रडत होतं.

"काय म्हणाले हो डॉक्टर, बाबा? कधी आहे ऑपरेशन?"

"हर्निया नाहीये गं," तो भिंतीकडे तोंड करून पुटपुटला. "ते... दुसरंच आहे."

"काय? काही ऐकू येत नाहीये, मोठ्याने बोला ना!"

त्याने बाकाकडे पाहिलं. बायका त्याच्याचकडे बघत होत्या. बघा एकदाचं, असं त्याच्या मनात आलं.

"स्तनाचा कॅन्सर झालाय मला!" तो ओरडलाच. "तू घाबरू नकोस. पण तुलाही तपासायला लागेल कदाचित. ऐकतेयस ना?"

बाकावरची एक बाई बाजूला सरकली. तो मध्ये बसला, आणि पलीकडून येणारं लेकीचं रडणं थांबेपर्यंत फोन कानाला लावून राहिला.